खाटेचे चार कोपरे



बाळ जन्मले की पेढे वाटायचे आणि बाप्तिस्म्याची तारीख ठरवायची, ही आपली रीत. पण काही घरांत आई घरी येते आणि बाळ मात्र हॉस्पिटलातच राहते. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या, वजन फार कमी असलेल्या किंवा श्वासाला त्रास होणाऱ्या बाळाला पुष्कळदा अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत ठेवावे लागते. घरात पाळणा रिकामा आणि दारात शेजाऱ्यांचे प्रश्न! अशा कुटुंबाला आपण कसा आधार द्यावा?

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवरून येशूकडे आणतात. प्रभूने त्या वाहून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे संत मार्क सांगतो. पेटीतल्या बाळाला प्रार्थना करता येत नाही. पुष्कळदा थकलेल्या आईबापांनाही ती सुचत नाही. तेव्हा त्यांच्या वतीने विश्वास धरणे हे आपले काम. खाटेला चार कोपरे आहेत. प्रत्येकाने एक तरी उचलावा.

पहिला कोपरा जिभेचा. ‘सातव्यातच कशी झाली? काय खाल्ले होतेस?’ असे विचारू नका. बाळ लवकर का जन्मले, हे अनेकदा डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. मग तो दोष सुनेच्या माथी का मारावा? ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणे सांगू लागले आणि त्याच्या दुःखात भर घातली. ‘देवाची शिक्षा’ हा शब्द तर उच्चारूच नये. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी तसा तर्क केला, तेव्हा प्रभूने तो नाकारला.

दुसरा कोपरा घराचा. मोठ्या भावंडाला शाळेत सोडा, रात्रीचा डबा पोहोचवा. हॉस्पिटलात मात्र गर्दी करू नका; अशा बाळाला जंतुसंसर्ग लवकर होतो.

तिसरा कोपरा प्रवासाचा आणि पैशाचा. आईचे दूध त्या बाळासाठी फार मोलाचे. त्यासाठी ओली बाळंतीण रोज लोकलने मुंबईला उभ्याने जाते. कोणाची गाडी असेल तर आठवड्यातून एक दिवस द्या. दागिने मोडण्याआधी कुटुंबाला चौकशी करायला मदत करा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बालकांना सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार मिळतात. सायनच्या पालिका रुग्णालयात तर १९८९ पासून दूधपेढी आहे. तिथे एक आई दुसरीच्या बाळासाठी दूध देते. याहून बोलके प्रवचन मी काय करणार?

चौथा कोपरा प्रार्थनेचा. बाळाच्या जिवाला धोका असेल तर बाप्तिस्म्याला विलंब नको, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. मला मध्यरात्रीही फोन करा. तेवढाही वेळ नसेल तर योग्य हेतूने कोणीही, अगदी परिचारिकाही, डोक्यावर थोडे पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते.

बाळ घरी आले की पेढे खायला आपण जाऊच. पण एखादे बाळ येत नाही. त्या दिवशी खाट खाली ठेवून निघून जाऊ नका. तिचे खरे ओझे तेव्हाच सुरू होते. या आठवड्यात आपल्या लघु ख्रिस्ती समूहात विचारा, असे घर कोणते? आणि जा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू