पद्मासनाचं बारसं

कॅलिफोर्नियात समुद्रकाठी एन्सिनिटास नावाचं शहर आहे. तिथल्या सरकारी शाळांत व्यायामाच्या तासाला योगासनं सुरू झाली आणि काही पालक बिथरले. मुलांना आडवळणाने हिंदू धर्म शिकवला जातोय, अशी त्यांची तक्रार. शाळांनी संस्कृत नावं गाळली. पद्मासन झालं 'क्रिस-क्रॉस ॲपलसॉस'. तिकडे लहान मुलांना मांडी घालून बसवताना म्हणतात तेच. तरी प्रकरण कोर्टात गेलंच. योगाची मुळं धर्मात आहेत, पण या शाळांत शिकवला जातो तो योग धार्मिक नाही, असा निकाल २०१३ साली लागला आणि २०१५ साली अपिलातही टिकला.

हसू येतं खरं. पण नाव बदललं तरी गुडघे तसेच दुमडले, पाठ तशीच ताठ झाली. मग आसनातला धर्म असतो कुठे? हालचालीत, नावात, की करणाऱ्याच्या मनात?

पतंजलीला विचारावं, तर तो आसनाबद्दल फारसं बोलतच नाही. जवळपास दोनशे सूत्रांपैकी आसनाच्या वाट्याला जेमतेम तीन. मात्र चित्त विचलित करणारे नऊ अडथळे मोजताना त्याने पहिला नंबर दिला तो व्याधीला. म्हणजे प्रकृती सांभाळायची ती वाट मोकळी राहावी म्हणून. मुक्कामाचं गाव वेगळंच. पुढे हठयोग्यांनी शरीराकडे जास्त लक्ष दिलं. 'हठयोगप्रदीपिके'त पंधरा आसनं आहेत आणि मयूरासनाने पोटाचे विकार जातात असा भरवसाही. 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायात तर टाचेपासून हनुवटीपर्यंत बैठकीचा तपशील येतो. तेव्हा 'योगाने तब्येत सुधारते' हा काही परदेशी फिटनेसवाल्यांनी लावलेला शोध नव्हे.

परंपरेच्या या भरवशाला मोजपट्टी लावली ती जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी. ते माधवदासजींचे शिष्य आणि श्रद्धावान साधक. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक. नौली ही योगक्रिया करताना पोटाचे उभे स्नायू दोरखंडासारखे वर येतात आणि योगी कुठल्याही पंपाशिवाय आतड्यात पाणी ओढून घेतो. हे होतं कसं? कुवलयानंदांनी साधकांचे एक्स-रे काढले, आतड्यातला दाब मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दिसलं. आत पोकळी तयार होते, म्हणून पाणी आपसूक वर चढतं. या पोकळीला त्यांनी नाव दिलं आपल्या गुरूंचं: 'माधवदास व्हॅक्यूम'.

इथेच एन्सिनिटास आणि लोणावळा यांच्यातला फरक दिसतो. तिकडे कोर्टकज्जा टाळायला मूळ नाव पुसलं. इकडे यंत्रावरच्या आकड्याला गुरूचं नाव जोडताना विज्ञानाला बाधा आली नाही. तपासणी आणि कृतज्ञता एकाच कागदावर नांदली.

पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्यापुढे योगातून धर्म वेगळा काढण्याचा हाच पेच दुसऱ्या वेशात आला. १९५२ साली मुंबईत भेटलेले व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांचे शिष्य झाले आणि अय्यंगारांची विद्या युरोपात पोचली. साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या शिक्षण खात्याने प्रौढांच्या वर्गांत त्यांच्या पद्धतीला जागा दिली, पण अट घातली: आसनं आणि प्राणायाम शिकवा, तत्त्वज्ञान नको. वर्ग सुरू झाले. अय्यंगारांच्या पद्धतीत पट्टे, लोड, लाकडी ठोकळे, भिंतीवरचे दोर, खुर्च्या असा सगळा सरंजाम असतो. ज्याचे हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत, त्याने पट्टा तळपायाला अडकवायचा. पट्ट्याला माणसाचा धर्म विचारावा लागत नाही.

लाभासाठी श्रद्धेची पूर्वअट नाही, असाच याचा अर्थ. जुनाट कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली योग आणि ताई ची यांचा समावेश केला, तो दुखण्यावरचा परिणाम पाहून. मोक्षाचा हिशेब मांडून नव्हे. पण त्यामुळे उलटा दावाही खरा ठरत नाही. आतड्यातला दाब उतरला, एवढ्यावरून अमुक रोग बरा होतो असं म्हणता येत नाही. 'ऋषिमुनींनी सांगितलंय' म्हणून इन्सुलिन बंद करायला लावणारा गुरू परंपरेचाच अपमान करतो. योगाला 'पूरक उपचार' म्हणताना 'पूरक' या शब्दाला अर्थ आहे.

तेव्हा वर्ग लावण्याआधी शिक्षकाला दोन प्रश्न जरूर विचारा. हे तुम्ही कोणाकडून शिकलात? आणि माझ्या दुखण्यात याने काय होणार नाही? दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तर खुशाल चटई पसरा.