हजेरी कोणी मोजायची?

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात ‘शालेय हजेरी अधिकारी’ असे एक पद आहे. सबळ कारणाशिवाय मूल 5 दिवस शाळेत आले नाही की त्याचे नाव या अधिकाऱ्याकडे जाते. तो घरी जातो, पालकांना समज देतो आणि गैरहजेरी 12 दिवसांवर पोचली की प्रकरण कोर्टात नेऊ शकतो. राज्यात 82 काउंट्या आहेत आणि या अधिकाऱ्यांची संख्या 153 च्या वर जाऊ नये असे कायद्यानेच ठरवले आहे. म्हणजे एका काउंटीच्या वाट्याला सरासरी दोघेसुद्धा येत नाहीत. ज्या शाळांशी त्याचा रोजचा संबंध, त्या शाळांचा मात्र तो नोकर नाही. 1998 पर्यंत तो सरकारी वकिलाच्या हाताखाली असे. तेव्हापासून राजधानी जॅक्सनमधल्या राज्य शिक्षण विभागाचा कर्मचारी आहे. त्याला स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या ताब्यात द्यावे, अशी मागणी तिथे होत आली आहे.

मागणी वरवर पाहता बिनतोड वाटते. मूल शाळेत का येत नाही हे जॅक्सनमधल्या टेबलावर कळत नाही. बसचा थांबा दूर आहे, आई रात्रपाळीला जाते म्हणून सकाळी धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, दम्याचा त्रास आहे, वर्गात कोणी छळते आहे, ही कारणे बसचालकाला ठाऊक असतात, वर्गशिक्षकाला ठाऊक असतात. बाहेरच्या अधिकाऱ्यापर्यंत नाव पोचते ते 5 दिवस बुडाल्यावर. शाळेतला माणूस दुसऱ्याच दिवशी दार ठोठावू शकतो. शिवाय कायदा फक्त विनाकारण गैरहजेरी पाहतो. चिठ्ठी आणून महिन्याला 2-3 दिवस घरी राहणारे मूल कायद्याच्या नजरेत निर्दोष असते, अभ्यासात मात्र तितकेच मागे पडते. कोविडनंतर 2021-22 साली अमेरिकेत चारांतल्या एकाहून अधिक मुलांनी शाळेचे किमान 10 टक्के दिवस बुडवले. त्यांतली पुष्कळ मुले चिठ्ठीवाली असणार. त्यांच्यापुढे कोर्टाचा धाक काय कामाचा?

इथपर्यंत मी स्थानिक सत्तेच्या बाजूचा आहे. पण मिसिसिपीचा इतिहास या बाजूला सुखाने बसू देत नाही.

शाळा सक्तीची करणारे हे अमेरिकेतले शेवटचे राज्य, 1918 सालचे. पुढे 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरवल्या आणि दोनच वर्षांत मिसिसिपीच्या विधिमंडळाने सक्तीचा कायदाच रद्द केला. गोऱ्या पालकांना काळ्या मुलांशेजारी आपली मुले बसवावी लागू नयेत म्हणून सगळ्याच मुलांच्या शिक्षणाची हमी काढून घेतली गेली. 1982 साली गव्हर्नर विल्यम विंटर यांच्या शिक्षण सुधारणा कायद्याने सक्ती खऱ्या अर्थाने परत आली. हे पाप राज्याचे, हे खरे. पण स्थानिक पातळी तरी कुठे निष्पाप होती? मिसिसिपी डेल्टा या भागातल्या कापूसपट्ट्यात काळ्या मुलांच्या शाळांचे वेळापत्रक कापूस वेचणीच्या हंगामाभोवती आखले जाई आणि गावच्या शाळेवर वजन असे ते कापसाच्या मालकांचेच. मूल शेतात आहे हे त्यांना पुरेपूर माहीत होते. माहिती होती म्हणून काही त्यांनी त्याला शाळेत पाठवले नाही. मूल शाळेत नसण्यात जवळच्या माणसाचाच फायदा असेल, तर त्याचे जवळ असणे मुलाच्या मुळावर येते.

आज कापसाच्या मालकाची जागा पैशाच्या हिशेबाने घेतली आहे. मिसिसिपीत डिस्ट्रिक्टला मिळणारा सरकारी पैसा पूर्वी रोजच्या सरासरी हजेरीवर ठरत असे. 2024 साली सूत्र बदलले आणि हिशेब मुख्यतः पटावर आला. गरीब भागांतल्या शाळांना हे हिताचे आहे, कारण मुले कमी आली म्हणून शिक्षकांचा पगार कमी होत नाही. पण त्यामुळे पटावर नाव टिकवण्याची ओढ वाढते आणि ते मूल प्रत्यक्ष आले की नाही हे पाहण्याची घाई कमी होते. नेमक्या याच वेळी हजेरी तपासणारा माणूस सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, हाताखाली द्यायचा?

या प्रश्नाचे उत्तर आपण महाराष्ट्रात एकदा पाहिले आहे. पटावर शिक्षकांची पदे, पटावर अनुदान आणि पट सांगणारी शाळाच. यातून काय निपजते ते नांदेडमध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी केलेल्या तपासणीत दिसले आणि मग 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावावी लागली, कारण एकाच मुलाला दोन शाळांच्या पटावर उभे करण्याची सोय लोकांनी शोधून ठेवली होती. बोगस नावे लाखांच्या घरात निघाली. तोवर शिक्षण खात्याची नेहमीची तपासणी चालूच होती, केंद्रप्रमुख होते, विस्तार अधिकारी होते. उजेड पडला तो शिक्षण खात्याच्या साखळीबाहेरची महसूलची माणसे वर्गात शिरली तेव्हा.

आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मिसिसिपीत मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांनी दरवर्षी 15 सप्टेंबरपर्यंत तसे लेखी कळवायचे असते, तेही या हजेरी अधिकाऱ्याकडेच. ही मुले डिस्ट्रिक्टच्या पटावर नसतात. खासगी शाळांतली मुलेही नसतात, आणि एका काउंटीतून दुसरीत राहायला गेलेलीही नसतात. सुपरिंटेंडंटचा नोकर त्यांच्यासाठी वेळ कोणत्या हिशेबात काढणार? आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांचे असेच होते. नाव बीडच्या शाळेत, मूल पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडावर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 ने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मुलाची हजेरी आणि स्थलांतरितांच्या मुलांचा प्रवेश ही दोन्ही कामे स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहेत. दोन्हीकडच्या जिल्हा परिषदा कायद्याने जबाबदार, आणि हंगाम संपेपर्यंत दोघींपैकी कोणाच्याही अहवालात ते मूल गैरहजर दिसत नाही.

मिसिसिपीच्या आमदारांपुढे दोनच पर्याय असल्यासारखी चर्चा होते: माणूस राज्याचा, नाहीतर डिस्ट्रिक्टचा. माझ्या मते कामाची फाळणी करायला हवी. घरी जाणे, कारण शोधणे, बसची सोय लावणे, दवाखान्याशी जोडून देणे हे सारे डिस्ट्रिक्टला द्यावे आणि त्यासाठीचा पैसा राज्याने द्यावा. नाहीतर डेल्टातल्या कंगाल डिस्ट्रिक्ट हे पद वर्ष-दोन वर्षांत लिपिकाच्या कामात विरघळवून टाकतील. पण हजेरीची नोंद तपासणे, पटाबाहेरची मुले शोधणे आणि गरज पडली तर खुद्द डिस्ट्रिक्टविरुद्ध तक्रार करणे, हे अधिकार सुपरिंटेंडंटच्या पगारावर नसलेल्या माणसाकडेच राहिले पाहिजेत. हे न करता नुसती बदली केली, तर मिसिसिपीची हजेरी कागदावर पहिल्याच वर्षी सुधारेल आणि तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही.