नाव कागदावर, माणूस कुठे?



आदिलाबादच्या गुरुवारच्या बैठकीत एका सेवेकरी ताईंनी प्रश्न मांडला, त्यावर आम्ही सगळ्या अजून बोलतोच आहोत. त्यांचा मुलगा सिव्हिल इंजिनियर. हैदराबादच्या एका कंपनीकडे रस्त्याच्या कामावर दीड वर्ष कंत्राटावर होता. काम संपलं, कंपनीने मोकळं केलं. चार महिन्यांनी एका सरकारी ऑफिसातून फोन आला, "अमुक पुलाच्या टेंडरमध्ये तुमचं नाव आहे, तुम्ही कामावर येणार ना?" ह्याला पत्ताच नाही! कंपनीने जुना बायोडेटा तसाच जोडला होता. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पदवी खरी, अनुभव खरा. ताईंचं म्हणणं, "मग ह्यात दोष कोणाचा? की दोषच नाही?"

आधी हे टेंडरचं काय असतं ते समजून घेतलं. सल्लागार कंपनी निवडताना नुसता भाव बघत नाहीत. कामावर कोण माणसं असतील, त्यांचं शिक्षण किती, अनुभव किती, ह्याला गुण असतात. त्यामुळे चांगला बायोडेटा म्हणजे कंपनीला नाणंच. जागतिक बँकेच्या पैशातून जी कामं होतात, त्यांच्या बायोडेट्याच्या नमुन्यात शेवटी त्या माणसाने स्वतः लिहून द्यायचं असतं की ही माहिती माझी आहे, बरोबर आहे, आणि काम मिळालं तर मी उपलब्ध आहे. आम्हाला ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटली. बायोडेटा म्हणजे झालेल्या कामाचा हिशोब तर आहेच, पण टेंडरला जोडला की तो पुढच्या कामाचा शब्द होतो. हिशोब खरा असेलही, शब्द कोणी दिला?

सरकारलाही हे कळलेलं दिसतं. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०१६ साली 'इन्फ्राकॉन' नावाचं पोर्टल काढलं. सल्लागार कंपन्या आणि इंजिनियर दोघांची माहिती तिथे असते, आधार आणि डिजिलॉकरशी जोडून तपासता येते. पण आधार नंबर माणूस कोण ते सांगेल. तो पेनगंगेच्या पुलावर उन्हात उभा राहणार आहे का, हे कसं सांगणार?

महाभारतातली गोष्ट आपल्याला पाठ आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. धर्मराज बोलले ते शब्द तसे खोटे नव्हते. पण द्रोणाचार्यांनी जे समजावं म्हणून ते बोलले गेले ते खोटं होतं, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्यांचा रथ खाली टेकला. ह्या बायोडेट्याचं तसंच आहे. प्रत्येक ओळ खरी, आणि सगळं मिळून फसवणूक.

बैठकीत एक दादा म्हणाले, "नाव वापरलं तर झिजलं काय? पोराचं काही गेलं नाही." आम्हाला हे पटलं नाही. उद्या पुलाला तडा गेला तर कागदावर कोणाचं नाव निघेल? हाच मुलगा दुसऱ्या कंपनीकडून त्याच टेंडरमध्ये असता तर एकच माणूस दोघांकडे कसा म्हणून आधी ह्यालाच विचारलं असतं. आणि जिने आपल्याकडे आहे तेवढाच माणूस प्रामाणिकपणे दाखवला, त्या कंपनीचं काम गेलं त्याचं काय? पुलावरून कापसाच्या गाड्या घेऊन जाणाऱ्यांचं तर आपण बोलतच नाही.

मग दुसऱ्या ताई हळूच म्हणाल्या, "विचारून वापरलं असतं तर चाललं असतं का?" इथे बैठक जरा शांत झाली. कारण हे आपल्या घरापर्यंत येतं. किती घरांत सून नाहीतर मुलगी डी.फार्म झालेली आहे, ती घरी स्वयंपाकपाणी बघते आणि तिचं सर्टिफिकेट गावातल्या मेडिकलमध्ये भिंतीवर टांगलेलं आहे! महिन्याला भाडं येतं. औषध नियमावली १९४५ ची, तिच्यात साफ आहे की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं. इथे चोरी नाही, दोन्हीकडून राजीखुशी आहे. पण चिठ्ठी घेऊन आलेल्या म्हातारीला कोणी विचारलं? तिचा विश्वास भिंतीवरच्या नावावर आहे आणि गोळ्या काढून देतोय बारावी नापास मुलगा. तेव्हा आमचं मत असं झालं की नाव आपलं असलं तरी ते भाड्याने देण्याइतकं आपलं नाही. ते वाचून जो विश्वास ठेवतो त्याचाही त्यात वाटा आहे. बासरला सरस्वतीपुढे लेकरांचा अक्षराभ्यास करतो तेव्हा विद्या अंगात यावी म्हणून करतो, फ्रेममध्ये टांगायला नाही.

प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' सिनेमातला सालोमालो आठवतो ना? तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. त्याला आपण हसतो. तो काम दुसऱ्याचं घेऊन नाव आपलं लावत होता. इथे नाव दुसऱ्याचं लावून काम आपलं करून घेतात. हसू मात्र येत नाही, कारण ह्याला आता 'सगळेच करतात' म्हणतात.

आता त्या मुलाचं. सांगणं सोपं नव्हतं. त्याचं दोन महिन्यांचं बिल त्याच कंपनीकडे अडकलेलं. खरं बोललं तर पैसे बुडतील ही भीती. बैठकीत दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, बिल निघेपर्यंत गप्प राहावं. पोटाचा प्रश्न आहे, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण आम्हाला वाटलं की न विचारता गावभर सांगत फिरणं वेगळं आणि सरळ विचारल्यावर गप्प बसणं वेगळं. ऑफिसने विचारलंय तर तेवढंच उत्तर द्यावं, की मी तिथे नाही, मला कोणी विचारलं नाही. कंपनीलाही तेच लेखी कळवावं, रागाचा एक शब्द न घालता. आणि इथून पुढे बायोडेटा देताना त्याच्यावर तारीख आणि कोणत्या कामासाठी दिला ते लिहून द्यावं. हे आपल्या सगळ्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

मुलाने तसं उत्तर दिलं. बिल अजून आलेलं नाही. किनवटकडे एका छोट्या कामावर लागलाय, पगार आधीपेक्षा कमी आहे. येत्या गुरुवारी फार्मसीवाल्या सुनांचा विषय घेऊ, सुनांनाही बरोबर आणावे.