चेहरा ही अमानत आहे

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात फोटो ही एकेकाळी वर्षा-दोन वर्षांतून घडणारी गोष्ट होती. लग्नात, नाहीतर सरकारी कागदासाठी. फोटो काढणे जायज की नाजायज, यावर आमच्या घरांत वाद होत. हजच्या पासपोर्टपुरती सवलत मिळे. 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि तो वाद निकाल न लागताच मिटला. आता ईदची गळाभेट, इफ्तारचे ताट, जनाजा, तवाफ, सारे स्टेटसवर असते. 2017 मध्ये सौदी सरकारला मक्का-मदिनेच्या दोन्ही पवित्र मशिदींत फोटो काढण्यास मनाई जाहीर करावी लागली, यावरून ही सवय कुठवर पोचली ते कळते.

आम्ही कॅमेऱ्याचे वैरी नाही. पोटासाठी पुण्या-मुंबईला किंवा आखातात गेलेल्या मुलाला ईदच्या सकाळी आईचा चेहरा दिसतो, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र प्रत्येक क्षण दाखवण्यासाठी जगू लागलो की तो आपल्याच हातून निसटतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयातील ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो घेतले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या.

हे नुकसान निदान आपले स्वतःचे आहे. दुसऱ्याच्या नुकसानीचे काय?

आमच्याच बुलडाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. हिंदू-मुसलमान दोघेही येतात. मनाचा आजार जडलेल्या आपल्या माणसाला घेऊन थकलेले नातेवाईकही येतात. भान हरपलेल्या त्या माणसावर कुणी मोबाइल रोखला, तर त्याला ते कळतही नाही. उद्या तो बरा होऊन गावी परतेल. पण तो व्हिडिओ बरा होणार नाही. तो कामाच्या ठिकाणी आणि मुलीच्या सासरी त्याच्याआधी पोचलेला असेल. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण हे कलम उपचार केंद्रांपुरते आहे. दर्ग्याच्या आवारात माणसाची शरम हाच कायदा.

दुसरे उदाहरण सदक्याचे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये धान्याची पिशवी देणारे चार हात आणि घेणारी खाली झुकलेली एक मान, असे फोटो आपण सर्वांनी पाहिले. त्या एप्रिलमध्ये अजमेरच्या जिल्हा प्रशासनाने मदतवाटपाच्या फोटोंवर बंदीच घातली. उजव्या हाताने दिलेले डाव्यालाही कळू नये, ही शिकवण ज्यांना लहानपणीच मिळाली, त्यांना हे सरकारी हुकमाने सांगावे लागावे?

यावर उत्तर दिले जाते की आमची नीयत साफ आहे. फोटो पाहून इतरही देतील, देणगीदारांना हिशेबही मिळेल. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहाची सुरुवातच नीयतीच्या हदीसने होते, म्हणून हे उत्तर उडवून लावता येत नाही. पण नीयत आपली असली तरी चेहरा दुसऱ्याचा असतो. हिशेबच द्यायचा तर पोत्यांचा, पावत्यांचा फोटो पुरेसा आहे. भुकेल्याचा चेहरा ही पावती नव्हे. आणि ज्याला पिशवी हवी आहे, तो 'फोटो नको' म्हणू शकत नाही. त्याच्या गप्प राहण्याला रजामंदी कसे म्हणावे?

दुसऱ्याच्या ऐबावर, त्याच्या लाचारीवर पडदा टाकणे ही आपल्याकडे नेकी मानली गेली आहे. पूर्वी त्यासाठी फक्त तोंड बंद ठेवावे लागे. आता हातही आवरावा लागतो. फोटो पाठवण्याआधी इतकेच विचारावे: या माणसाच्या जागी आपला बाप असता, आपली बहीण असती, तर हे बोट पुढे गेले असते का? उत्तर 'नाही' असेल, तर तो चेहरा आपल्याकडे आलेली अमानत आहे. अमानत वाटायची नसते, सांभाळायची असते.