आपला संगणक, इतरांची कागदपत्रं

‘आमच्या संगणकात चोरण्यासारखं आहे तरी काय?’ अँटीव्हायरसचा विषय काढला की चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही हेच ऐकू येतं. चार फोटो, मुलीचे प्रोजेक्ट, जुनी गाणी. बँकेचं काम तर मोबाइलवरच होतं. मग स्कॅनची कटकट कशाला? हे बोलणं बेजबाबदारपणाचं आहे, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

त्या संगणकातले फोल्डर एकदा नीट उघडून बघा. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी भाडेकरूंची आधार कार्डं, भाडेकरार, सभासदांचे नंबर असतात. शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे मुलांची नावं नि पालकांचे पत्ते. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंकडे गटातल्या बायकांच्या पासबुकांच्या प्रती. यातलं काहीही त्या घराच्या मालकीचं नाही. लोकांनी विश्वासाने सोपवलेली ती ठेव आहे, आणि ठेवीला कुलूप लावणं ठेवणाऱ्याचं काम असतं.

कागद नसले तरी संगणक आहेच. मालवेअर पसरवणाऱ्याला पुष्कळदा तुमच्या फायलींशी देणंघेणं नसतं. त्याला तुमचं यंत्र आणि तुमचं इंटरनेट हवं असतं. अशी हजारो यंत्रं परस्पर ताब्यात घेऊन बॉटनेट उभं करतात. त्यातून फसवे ई-मेल सुटतात, दुसऱ्यांच्या वेबसाइट बंद पाडल्या जातात. मालकाला एवढंच जाणवतं की हल्ली कॉम्प्युटर स्लो झालाय. हे प्रकरण इतकं वाढलं की ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. बाधित यंत्रांची माहिती ते इंटरनेट कंपन्यांमार्फत मालकांपर्यंत पोचवतं आणि सफाईची साधनं फुकट देतं. पुण्याच्या क्विक हीलचं साधनही त्यात आहे.

त्याच वर्षी 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ या मालवेअरने फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागायला सुरुवात केली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. कुणी काही क्लिक करण्याचीही गरज नव्हती. एका यंत्रातून तो आपोआप दुसऱ्यात जात होता. ‘नंतर करू’ म्हणून पुढे ढकललेल्या अपडेटची किंमत शेजारच्या यंत्राने मोजली.

आपल्याकडचं दुखणं त्याहून जुनं आहे. पीसी असेम्बल करून घ्यायचा आणि विंडोज ‘टाकून’ घ्यायची, ही रीत इतकी रुळली आहे की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नाही. परवाना चुकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रॅकसोबतची पहिली सूचना असते, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’. पुष्कळदा क्रॅकचा फोल्डर अँटीव्हायरसच्या ‘एक्सक्लूजन्स’च्या यादीत घालायला लावतात. एकदा घातला की पुढे कितीही स्कॅन करा, तिथे कुणी डोकावत नाही. परवान्याचे पैसे वाचवायला आपण पहारेकऱ्यालाच बाजूला उभं करतो. अशी यादी ज्यांच्या यंत्रात असेल त्यांनी ती आजच रिकामी करावी. ऑफिसचं काम लिब्रेऑफिससारख्या मोफत प्रणालीत उत्तम होतं. चोरीच्या मालाची गरज नाही.

स्कॅन लावणं अवघड नाही, खर्चिकही नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर आधीपासून असतो. ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा, अपडेट तपासा, ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते बघा, मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘फुल स्कॅन’ लावा. त्याला काही तास लागू शकतात, म्हणून जेवणं आटोपल्यावर लावून झोपावं. दर आठवड्याची वेळ ठरवण्यासाठी ‘टास्क शेड्युलर’मध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर असे फोल्डर उघडत गेलं की ‘विंडोज डिफेंडर शेड्युल्ड स्कॅन’ सापडतो. त्याच्या ‘ट्रिगर्स’मध्ये वार आणि वेळ भरायची. संगणक त्या वेळी चालू असतो ना, एवढं पाहावं. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नयेत, ते एकमेकांच्या पायात येतात. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीवाला तिच्यातल्या फायलीही कुलूपबंद करतो.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मुदतवाढ न घेता ती वापरणाऱ्यांकडे स्कॅन चालेल, पण मूळ प्रणालीतल्या नव्या फटी तशाच राहतील.

घराइतकीच जबाबदारी झेरॉक्सच्या दुकानांची आणि महा ई-सेवा केंद्रांची आहे. प्रवेशाच्या दिवसांत एकाच संगणकात दिवसभर कित्येक मुलांचे पेनड्राइव्ह लागतात. घरी येऊन बघावं तर फोल्डरच्या जागी शॉर्टकट, खऱ्या फायली लपवलेल्या. आणि त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की घरचं यंत्रही बाधित. ठरलेल्या वेळचं स्कॅन पेनड्राइव्हपर्यंत पोचतंच असं नाही, म्हणून तो लावल्याबरोबर राइट क्लिक करून स्वतंत्र स्कॅन करायला हवा, घरीही आणि दुकानातही. तहसील कार्यालयांनी केंद्रांना तशी सक्ती करावी. भिंतीवर दरपत्रक असतंच, त्याखाली शेवटच्या फुल स्कॅनची तारीख लिहायला लावावी. तोवर पेनड्राइव्ह हातात देण्याआधी ती तारीख आपणच विचारायची.