उरलेले सामने

12 फेब्रुवारी 2020 रोजी बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर गावातला पहिला रणजी सामना सुरू झाला. बारामतीच्याच नेत्याने भारतीय क्रिकेट मंडळाचं आणि पुढे आयसीसीचंही अध्यक्षपद भूषवलं. तरी रणजी बघायला गावाला इतकी वर्षं का थांबावं लागलं, हा वेगळा विषय. गावासाठी तो सणच होता. मैदानात उतरलेल्या दोन संघांचे दिवस मात्र सणाचे नव्हते. आदल्या हंगामात तळाला गेल्यामुळे महाराष्ट्राची वरच्या गटातून ‘क’ गटात घसरण झाली होती, आणि त्याच जानेवारीत दिल्लीत सेनादलाने त्यांना अवघ्या 44 धावांत गुंडाळलं होतं. समोरच्या उत्तराखंडची अवस्था त्याहून वाईट. आदल्या वर्षी थेट उपांत्यपूर्व फेरीत धडकलेला हा नवा संघ या वेळी तळाशी रुतला होता आणि तिथून पुन्हा प्लेट गटात ढकलला गेला. साखळीची ही शेवटची फेरी होती.

हंगाम हातातून गेल्यावर जे सामने उरतात, ते कुणासाठी खेळायचे? जिंकणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडत नाही, म्हणून त्यावर कुणी फारसं बोलतही नाही.

अमेरिकेत कॉलेजच्या फूटबॉलचा हंगाम साधारण डझनभर सामन्यांचा असतो, आणि तो फसला की आधी प्रशिक्षकाची मान पकडतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशर यांना काढून टाकलं. करार मोडल्याची भरपाई म्हणून त्यांना 7.5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं विद्यापीठाने पत्करलं. याच विद्यापीठ-परिवारातलं दुसरं कॉलेज म्हणजे प्रेअरी व्ह्यू. तिथल्या फूटबॉल संघाने 1989 ते 1998 या काळात सलग 80 सामने गमावले. पैशाअभावी संघ मध्यंतरी बंदच पडला होता, आणि पुन्हा उभा राहिला तो खेळाडूंना शिष्यवृत्ती न देता. फी स्वतःची, गुडघे स्वतःचे आणि वर दर आठवड्याला पराभव. सप्टेंबर 1998 मध्ये लँगस्टन विद्यापीठाला 14-12 असं हरवून त्यांनी ती साडेसाती संपवली. त्या नऊ वर्षांत जी मुलं दाखल झाली, हरत राहिली आणि एकही विजय न बघता पदवी घेऊन गेली, त्यांना कोणी काही विचारलं असेल का, कोण जाणे.

बारामती-इंदापूरच्या कॉलेजांत डझनभर सामन्यांची चैन नसते. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद असो, इंदापूरचं कला-विज्ञान-वाणिज्य असो, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्याच. कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटांचं मध्यांतर. पहिल्याच फेरीत हरलं की वर्ष संपलं. पावसाळ्यापासून सकाळी साडेपाचला मैदानावर येणारा उजवा कोपरारक्षक एका चुकीच्या पकडीत बाद होतो, पाठोपाठ लोण चढतो आणि दुपारच्या जेवणाआधी त्याचा हंगाम आटोपतो. परतीच्या एसटीत मागच्या सीटवर गुडघ्याला बर्फाची पिशवी धरून बसलेल्या या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरीबद्दल ऐकून घ्यावं लागतं. घरी विचारतात, प्रमाणपत्र तरी मिळालं का? घरच्यांचं चूक नाही. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण मोठ्या स्पर्धेतल्या पदकाकडे बघतं, पहाटेच्या सरावाकडे नाही.

म्हणूनच पहिल्या पराभवानंतर मैदान ओस पडतं. ज्या स्पर्धेत साखळी असते तिथे तर आणखी वाईट सवय लागते. दोन सामने हरले की तिसऱ्याला संघ येतच नाही आणि समोरच्यांना पुढे चाल मिळते. ‘आपलं काय जातंय?’ असं म्हणून बॅगा भरल्या जातात. हरलेल्याने लवकर घरी जाण्यात कसली अनीती, असं वाटू शकतं. पण जातं ते बरेचदा दुसऱ्याचं.

पुण्याच्या क्रिकेटमध्ये याचा एक जुना दाखला आहे. डिसेंबर 1948. पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. पाहुणे 238 धावांत आटोपले. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उभे राहिले ते हलेनातच. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी विश्रांतीला महाराष्ट्र 4 बाद 826 आणि निंबाळकर नाबाद 443. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, 452 नाबाद. अंतर नऊ धावांचं, म्हणजे फार तर दोन-तीन षटकांचं काम. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो, अशी त्यांची भूमिका होती. विनवण्या झाल्या, पण काठियावाडचा संघ मैदानात परतला नाही. सामना महाराष्ट्राला बहाल झाला आणि निंबाळकर 443 वरच राहिले. त्यांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. 2012 मध्ये ते गेले, तेव्हाही त्यांच्या नावापुढे हाच आकडा होता.

ठाकोरसाहेबांची बाजूही समजण्यासारखी आहे. उन्हात चेंडू अडवून थकलेले खेळाडू, हरलेला सामना, आणि आपल्याच गोलंदाजीवर विश्वविक्रम झाल्याची नोंद कायमची राहणार. पण त्या दोन-तीन षटकांत काठियावाडने काहीच गमावलं नसतं. ती षटकं निंबाळकरांची होती. ती त्यांना द्यायची की नाही, हे मात्र काठियावाडच्या हातात होतं, आणि त्यांनी हात आखडता घेतला.

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादीवर असंच काहीसं घडलं. उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध हरल्याचा निर्णय न पटलेल्या शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड शेवटची काही सेकंदं उरलेली असताना गादी सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांच्या निर्णयावर आठवडाभर वाद झडले. त्यात खोट असेलही आणि ती तपासून घेण्याचा हक्क मल्लाला आहेच. लाथेची गोष्ट वेगळी, तिचं समर्थन कुणी करू नये. पण गादी सोडण्यातही जे नुकसान झालं, ते मोहोळला सोसावं लागलं. त्याची गदा खरी, तरी गावोगावच्या पारावर तिच्यामागे ‘पण’ लागला. समोरचा मल्ल शेवटपर्यंत लढला असता तर तो ‘पण’ लागला नसता.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तर हा सगळा प्रकार उघडा पडला. पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून चीन, कोरिया आणि इंडोनेशियाच्या बॅडमिंटन जोड्या हरण्याची स्पर्धा करू लागल्या. सर्व्हिस जाळ्यात, प्रेक्षकांच्या शिट्ट्या, शेवटी चार जोड्या बाद. त्याच स्पर्धेत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा ही आपली जोडी गटात केवळ एका गुणाच्या फरकाने मागे पडली. त्यांच्या गटात जपानची जोडी तैवानकडून हरली, त्या सामन्याबद्दल भारताने तक्रार केली होती. ती फेटाळली गेली. दुसऱ्याच कोर्टवर कुणी किती जीव तोडून खेळतं, यावर तिसऱ्याचं घरी जाणं ठरू शकतं, एवढं यातून दिसतं.

याच्या उलटं चित्र बघायचं तर पुणेरी पलटणकडे बघावं. प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही हंगामांत, 2014 आणि 2015 मध्ये, हा संघ तळाला होता. 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून तोच विजेता झाला, आणि लगेच पुढच्या हंगामात प्लेऑफच्या बाहेर. कर्णधार अस्लम इनामदारचा गुडघा दुखावला होता. पण हंगाम फसला तरी सामना सोडून देणं परवडत नसे, कारण त्या हंगामापर्यंत लीगच्या नियमात एक बारकावा होता. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तर तक्त्यात एक गुण मिळे. त्यामुळे नऊ गुणांनी मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटालाही आडवा पडत नसे. चढाईपटू बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून परत फिरे, बचाव फळी एका पकडीसाठी टपून बसे. सामना गेलेला, पण दोन गुणांसाठी सगळ्यांची धडपड. हरणाऱ्याकडून प्रामाणिक खेळ हवा असेल तर त्याच्यासमोर काहीतरी ठेवावं लागतं, हे नियम करणाऱ्यांना बरोबर उमगलं होतं. सगळाच भार खेळाडूच्या सद्‌सद्विवेकावर टाकून आयोजक मोकळे झाले नाहीत.

आपली कॉलेजं मात्र तो भार खेळाडूंवर टाकून मोकळी झाली आहेत. विभागीय विजेतेपद आलं की चौकात फ्लेक्स, व्यासपीठावर सत्कार, प्राचार्यांच्या शेजारी खुर्ची. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाची नोंद जिमखान्याच्या वहीत एका ओळीत उरकते. मग त्याच मुलांनी पुढच्या वर्षी खिलाडूवृत्ती दाखवावी, अशी अपेक्षा ठेवायची! ती वृत्ती दाखवायला सामना तरी मिळाला पाहिजे.

तो मिळणं काही अवघड नाही. बारामती आणि इंदापूर यांच्यात एसटीने तासा-दीड तासाचं अंतर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून पहिल्याच फेरीत बाहेर पडलेले दोन्ही तालुक्यांतले संघ दिवाळीनंतर एकमेकांच्या मैदानावर चार-चार सामने सहज खेळू शकतात. खर्च म्हणाल तर गाडीचं डिझेल, दोन पंचांचं मानधन, मैदान आखायला फक्कीची पोती आणि मुलांचं एक वेळचं जेवण. चषक ठेवायची गरज नाही. चषक नसला की प्रमुख पाहुणेही बोलवावे लागत नाहीत, आणि सामने वेळेवर सुरू होतात.