मनोऱ्यावरचा पहारेकरी



उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी आपण प्रभूच्या रूपांतराचे शुभवर्तमान ऐकतो. पेत्राला डोंगरमाथा इतका आवडतो, की तो तिथेच तीन मंडप घालायला निघतो. पण प्रभू शिष्यांना खाली आणतो. पायथ्याशी त्यांना भेटतो तो आजारी मुलासाठी विनवणी करणारा एक बाप (लूक ९:२८-४३).

अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यात एक डोंगर आहे. सिल्व्हन तळ्यापासून पाईनच्या रानातून पायवाट वर जाते. सुमारे ७,२४० फूट उंचीच्या माथ्यावर १९३०च्या दशकाच्या अखेरीस बांधलेला दगडी मनोरा आहे. रानात कुठे धूर दिसतो का, यावर तेथून नजर ठेवली जाई. १८५५मध्ये ज्याच्या सैन्याने लाकोटा आदिवासींच्या बायका-मुलांनाही मारले, त्या सेनापतीचे नाव या डोंगराला होते. २०१६मध्ये ते बदलून ‘ब्लॅक एल्क’ हे नाव देण्यात आले.

कोण हा ब्लॅक एल्क? एक लाकोटा वैदू. ६ डिसेंबर १९०४ रोजी, संत निकोलसच्या सणाच्या दिवशी, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो निकोलस झाला. तो धर्मगुरू नव्हता. बायको-मुलांचा धनी होता. दृष्टी अधू होत गेली, तरी गावोगाव फिरून त्याने आपल्या लोकांना धर्मशिक्षण दिले. १९३१मध्ये, म्हातारपणी, तो त्या माथ्यावर चढला. तिथे त्याने स्वतःसाठी नव्हे, तर आपल्या लोकांसाठी प्रार्थना केली. मग तो खाली उतरला, आपल्या माणसांत. २०१७मध्ये त्याला संतपद मिळावे म्हणून प्रक्रिया सुरू झाली.

मनोऱ्यावर चढायचे ते देखावा पाहायला नव्हे. धूर दिसला तर हाक द्यायला. यहेज्केल संदेष्टाही हेच बजावतो: संकट दिसूनही जो पहारेकरी शिंग फुंकत नाही, तो दोषी ठरतो (यहेज्केल ३३).

आज मला एक कबुली द्यायची आहे. दोन सख्खे भाऊ. बांधाच्या वादावरून त्यांचे बोलणे बंद झाले होते. मिस्सेला दोघेही येत, पण एक उजवीकडे बसे, दुसरा डावीकडे. वेदीवरून मला ते दर रविवारी दिसे. ‘सण झाला की दोघांच्या घरी जाऊ,’ असे मी म्हणत राहिलो. एका पहाटे थोरला गेला. धाकटा शवपेटीजवळ उभा राहून मला म्हणाला, “फादर, तुम्ही बोलावलं असतं तर मी आलो असतो.” सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते. मला धूर दिसला होता. मी हाक दिली नव्हती.

तुमच्याही घरात, आळीत कुठेतरी धूर दिसत असेल. आज मिस्सा संपल्यावर वेदीपाशीच मंडप घालून बसू नका. खाली उतरा. या आठवड्यात एकाच दारावर थाप मारा. मीही एका दारी जाणार आहे.

प्रभू आपल्या पावलांना बळ देवो.

तुमचा धर्मगुरू